मालद्याच्या लॉजवर सात रात्री

आपल्याकडे हॉटेल म्हटले की भजी, मिसळ आणि चहा. मुक्कामाला आपण उतरतो ते लॉजवर, नाहीतर धर्मशाळेत. बंगालच्या बाजारगावात हॉटेल म्हणजे भात. रस्त्याच्या कडेला भाताची मोठमोठी पातेली, डाळीचे डेग, माशांच्या रश्शाचे टोप मांडलेले असतात आणि आत बाकांवर माणसे भराभर जेवत असतात. त्याला 'भातेर होटेल' म्हणतात. उतरायची जागा वेगळी. पण पुष्कळदा तिच्या पाटीवरही हॉटेलच लिहिलेले असते. मालदा स्टेशनबाहेर आम्ही टोटोवाल्याला (बॅटरीच्या रिक्षेला तिकडे टोटो म्हणतात) 'सस्ता होटल' सांगितले, तर त्या भल्या माणसाने आम्हाला ट्रंक-वळकटीसह एका भाताच्या दुकानापुढे नेऊन उभे केले. दोन माणसांची थकलेली तोंडे पाहून त्याला तेच आधी सुचले असावे.

मालदा हे उत्तर बंगालच्या वाटेवरचे जिल्ह्याचे ठिकाण. शहराचे कागदोपत्री नाव इंग्लिश बाजार. तिथली माणसे 'इंग्रेजबाजार' म्हणतात. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी रेशमी कापडाच्या खरेदीसाठी या मुलखात आली, वखार घातली, आणि इंग्रजांचा बाजार हे नाव गावाला चिकटले ते अजून सुटलेले नाही. महानंदा नदी गावाला लागून वाहते. फजली, हिमसागर, लक्ष्मणभोग हे इथले नावाजलेले आंबे. आम्ही डिसेंबरात गेलो म्हणून नुसती झाडेच पाहिली. पण आपल्या नाशिककडच्या माणसाचा या गावाशी संबंध आंब्याचा नाही, कांद्याचा आहे. गावापासून पंधराएक किलोमीटरवर महदीपूरला बांगलादेशची सरहद्द लागते. आपल्याकडून निघालेले कांद्याचे ट्रक इथे येऊन रांग धरतात आणि पलीकडच्या सोना मशीद नाक्यावर जाऊन रिकामे होतात.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या येवल्याकडच्या चार घरांनी मिळून लाल कांद्याचा एक ट्रक थेट मालद्याच्या आडतदाराकडे धाडला. पाचशे गोण्या होत्या. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत ठेवून भावाची वाट पाहण्याचा माल नव्हे. काढला की महिना-पंधरा दिवसांत त्याची सोय लावावी लागते. मालामागे कुणीतरी जावे म्हणून हे निघाले. ह्यांना कानाने कमी ऐकू येते, त्यामुळे घरातले फोनवरचे सगळे व्यवहार माझ्याकडे असतात. आडतदाराशी बोलणार कोण? म्हणून मीही निघाले. मनमाडला गाडीत बसलो, हावड्याला उतरलो आणि मालद्याची गाडी धरली.

वाटेत फरक्क्याचे धरण लागते. १९७५ पासून चालू असलेले हे धरण दोन किलोमीटरहून लांब आहे आणि आगगाडीचे रूळ त्याच्यावरूनच गेले आहेत. खाली गंगा. मी पर्समधून एक रुपया काढला, खिडकीतून खाली टाकायला हात पुढे केला आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. धाकटे दीर होते. "वहिनी, निर्यात बंद केली. काल रात्री कागद निघाला." आता ही बातमी ह्यांच्या कानात सांगायची म्हणजे ओरडूनच सांगावी लागली, आणि ती अर्ध्या डब्याने ऐकली. समोरच्या बाकावरच्या एका बंगाली गृहस्थांनी डोक्यावरची माकडटोपी काढून पुन्हा घातली. रुपया माझ्या मुठीतच राहिला होता, तो मी टाकला.

असे आम्ही ८ डिसेंबरच्या संध्याकाळी मालद्याला पोचलो. संध्याकाळ म्हणजे पाच वाजलेले. पण तिकडे पूर्वेला सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी मावळतो. घड्याळात पाच आणि बाहेर दिवेलागण होऊन गेलेली, हे मनाला चमत्कारिक वाटते.

रथबाडी नावाच्या चौकात भाजीचा मोठा बाजार आहे आणि हमरस्ताही तिथूनच जातो. तिथेच एका गल्लीत आम्हाला खोली मिळाली. भाडे साडेपाचशे. खाली बियाणे-औषधांचे दुकान, वर दोन मजले खोल्या. मॅनेजरबाबूंनी दोघांची आधार कार्डे घेतली आणि मोठ्या रजिस्टरात नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कामकाज, असे रकाने भरले. कामकाजाच्या रकान्यापाशी त्यांनी मान वर केली. मी म्हणाले, "कांदा. प्याज." त्यांनी 'पेंयाज' लिहिले आणि पेन खाली ठेवून म्हणाले, "आहा रे." बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

खोली म्हणाल तर दोन पलंग एकमेकांना जोडून, भिंतीला ओल, खिडकीला हिरवा पडदा, बादली, मग आणि एक आरसा. पण चादरी धुतलेल्या होत्या आणि मच्छरदाणी होती. मच्छरदाणी बंगालात फार महत्त्वाची गोष्ट. चार कोपऱ्यांना चार खिळे नसतील तर तिथला माणूस ती खोली घेत नाही. आपल्या बायांना माझे सांगणे एवढेच, की अशा बाजारातल्या लॉजवर खोली घेण्यापूर्वी आत जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : मच्छरदाणीला भोके आहेत का, दाराची आतली कडी नीट बसते का, आणि खिडकी रस्त्यावर उघडते की मागे. आमची रस्त्यावर उघडत होती. आणि पिण्याचे पाणी विचारून घ्यावे. मालदा जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी भूजलात आर्सेनिक आहे. बाबूंनी आपण होऊनच सांगितले की नळाचे पाणी आंघोळीला, पिण्याचे खालून भरून न्यायचे.

रात्री दोन वाजल्यापासून ट्रक येऊ लागतात. फळी आपटल्याचा आवाज, हमालांची हाकाटी, हातगाड्यांची खडखड. मग पहाटेची अजान, मग कुठल्याशा देवळातला शंख, मग भाजीचा पुकारा. मी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते आणि शेजारी हे शांत घोरत होते. कमी ऐकू येण्याचा एवढा फायदा मी आजवर पाहिलेला नव्हता.

जेवणाची मोठी गंमत झाली. आम्ही दोघेही माळकरी. तिकडे पाण्यातला प्रत्येक जीव ताटात येतो, म्हणून मी भाताच्या हॉटेलात पहिल्याच दिवशी विचारून घेतले की बिनमाशांचे काय मिळेल. मालक म्हणाले, "निरामिष? हबे." होईल. केळीच्या पानाचा तुकडा घातलेली ताटे आली. भात, मुगाची डाळ, बटाट्याच्या काचऱ्या, फुलकोबी-वाटाण्याची भाजी, टोमॅटो-खजुराची गोड चटणी, पापड. भात संपायच्या आत पोऱ्या पुन्हा वाढून जातो, नको म्हणायलाही फुरसत देत नाही. सगळे चवदार होते, फक्त सरसूच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात बसला. पण कशातच कांदा नव्हता. डाळीत नाही, भाजीत नाही, तोंडी लावायलाही नाही. ह्यांनी मला विचारले, "इथेसुद्धा संपला का?" मी मालकांना विचारले. ते गोंधळले. तिकडे निरामिष म्हणजे मासे-मांस नाही एवढेच नव्हे, तर कांदा-लसूणही नाही. जुन्या चालीच्या घरांत विधवा बायकांना असेच जेवण करावे लागे, आणि त्याच बिनकांद्याच्या स्वयंपाकातून त्या बायांनी इतके प्रकार काढले, की आज त्यांचे कौतुक होते. आपण चातुर्मासापुरता कांदा सोडतो आणि त्याआधी कांदेनवमीला पोटभर खाऊन घेतो. तिथे मात्र कांदा बाराही महिने माशाच्या पंक्तीला. पाचशे गोण्यांचे धनी असून आम्ही सात दिवस बिनकांद्याचे जेवलो, कारण कांदा मागितला तर पोऱ्या त्याबरोबर अंडे आणायला निघे.

सकाळचा चहा मातीच्या भांडात मिळतो. पिऊन झाला की भांड फोडून टाकायचे. मला ते जिवावर येई. दोन भांडी मी धुऊन पिशवीत ठेवली, ती आज आमच्या देवघरात आहेत. चहाबरोबर मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, आणि त्यावर वाटाण्याची घुगनी. एक मात्र ध्यानात ठेवावे : बंगाली माणूस पाणीही 'खातो'. "जल खाबेन?" असे कुणी विचारले तर पाणी हवे का, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी ट्रक येऊन पोचला. आडतदार म्हणाले, थांबा, दोन दिवसांत काही निघेल. बंदीच्या आधी ज्यांचा माल कस्टममध्ये दाखल झाला होता त्यांना वाट होती. आमचा माल तेव्हा बिहारच्या रस्त्यावर होता. बंदी ३१ मार्चपर्यंत होती (पुढे ती वाढली आणि मे २०२४ मध्ये उठली), आणि आमच्या कांद्याला मार्च माहीत नव्हता. त्या दिवसांत मालद्याला धुके असे की दहा वाजेपर्यंत समोरची भिंत दिसू नये. ताडपत्रीवर पाणी साचायचे. धुके गव्हाला चालते, ताडपत्रीखालच्या कांद्याला नाही.

खोलीत बसून काय करणार? मी बाजारात फिरू लागले. पालक, मुळा, शेंगा, कोवळे वाटाणे. फुलकोबीचे असे ढीग, की माणूस दिसत नाही. आणि वांगी! नवाबगंजची वांगी म्हणून जुन्या मालद्याकडची एक जात आहे, थंडीत येते. एकेक वांगे किलोभर आणि त्याहून मोठेही, आत बिया कमी. ते भाजून, मीठ-मिरची आणि कच्चे सरसूचे तेल घालून खातात. आमच्या खानदेशातल्या माहेरचे भरीत आठवून माझ्या तोंडाला पाणी सुटले. वांगे कुठले हे सांगून विकतात, तसाच कांदाही. दोन ढीग होते. एक दुसरीकडचा, आणि एक, ज्याच्यामागे बसलेला पोरगा सारखा ओरडत होता, "नाशिकेर पेंयाज, नाशिकेर!" बंगालचा स्वतःचा सुखसागर कांदा फाल्गुन-चैत्रात निघतो, पण तो फार टिकत नाही, वर्षाचा बराच काळ तिकडची चूल आपल्या कांद्यावर चालते. आम्ही त्या पोराला सांगितले की आम्ही नाशिकचे. त्याने आम्हाला आपादमस्तक पाहिले आणि किलोमागे दोन रुपये कमी केले. आम्हालाच!

संध्याकाळी मॅनेजरबाबू गप्पांना बसत. मला ते 'मासिमा' म्हणू लागले होते, म्हणजे मावशी. एकदा ह्यांना म्हणाले, "आपण तर बर्गी!" मी जरा चपापले. तिकडे मराठ्यांना बर्गी म्हणत. १७४२ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. गंगेच्या पश्चिमेकडचा मुलूख त्यांनी लुटला. १७५१ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबले. बंगाली आया आजही पोराला निजवताना जे गाणे म्हणतात त्यात बर्गी येतो. शाळेत आपण हा इतिहास वाचतो तो घोड्यावर बसून वाचतो. ज्यांच्या दारात घोडे आले त्यांच्या आयांनी तो पाळण्यापाशी ठेवला. बाबू हसतच बोलत होते. ह्यांना सगळे ऐकू गेले नाही, पण चौथाई ऐकू गेली. ते म्हणाले, "बाबूंना सांग, या खेपेला चौथाई सुटली तरी पुष्कळ."

याच बाबूंनी मला कानसाटची गोष्ट सांगितली. कानसाट ही मालद्याची नावाजलेली छेन्याची मिठाई. रसकदंब तशीच दुसरी. कानसाट हे खरे म्हणजे गावाचे नाव, आणि ते गाव आता बांगलादेशात आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा मालदा कोणाच्या वाट्याला, हे जाहीरच झालेले नव्हते. इथे पाकिस्तानचा झेंडा होता. १७ तारखेला निकाल कळला. मालदा इकडे राहिले, जिल्ह्यातली पाच ठाणी तिकडे गेली. कानसाट गाव तिकडे गेले, हलवाई इकडे आले. "आम्हाला अडकून राहायची सवय आहे, मासिमा," असे म्हणून बाबूंनी चौथ्या रात्रीपासून भाड्यातले शंभर रुपये कमी केले. मी कमी करा म्हटलेले नव्हते.

चौथ्या दिवशी ह्यांनी ट्रकच्या मागची एक गोणी ओढून काढली. हाताला ओल लागली. मग वाट पाहणे बंद. त्याच दिवशी आडतीवर माल उतरवला आणि निवड सुरू केली. आडतीवरच्या सहा बायका आणि मी. निघालेला कोंब, मऊ पडलेला, काळी बुरशी धरलेला, असे वेगवेगळे ढीग. भाषा येत नव्हती, पण कांदा निवडायला भाषा लागत नाही. बोट दाबले की कळते. त्यांतली एक म्हातारी माझ्या बोटांकडे पाहून बाकीच्यांना काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. नंतर कळले, की ती म्हणाली, मालकीण आमच्यापेक्षा लवकर फेकते आहे. खरे होते. घरचे कांदे फेकताना हात लवकर चालतो, नाहीतर चालतच नाही. अडतीस गोण्या गेल्या.

सहाव्या रात्री शेजारच्या खोलीत एक नवरा-बायको उतरले. चापाई-नवाबगंजचे, म्हणजे सरहद्दीपलीकडचे. नवऱ्याच्या उपचारासाठी वेल्लोरला गेले होते, परत निघाले होते. गाडी उशिरा आली, नाका सकाळी उघडणार, म्हणून एका रात्रीपुरते थांबले. मधली भिंत पातळ, गॅलरी एक. ती बाई माझ्याच वयाची. टी.व्ही.वरच्या मालिका पाहून शिकलेले तिचे हिंदी माझ्या हिंदीच्या तोडीचे होते. मला ती 'आपा' म्हणाली. आम्ही कशासाठी आलो हे कळल्यावर ती गप्पच बसली. मग म्हणाली, तिकडून लेकीचा फोन होता; बंदीची बातमी आली त्या रात्रीत कांदा किलोला दोनशे टाक्यांवर गेला. लेकीने विचारले होते, इंडियातून येताना कांदा आणता येईल का.

मी तिला निवडीच्या ढिगाऱ्याची हकिगत सांगितली. अडतीस गोण्या म्हटल्यावर तिने तोंडावर हात धरला. आम्ही दोघी त्या गॅलरीत बराच वेळ उभ्या होतो. खाली बाजार मिटत आला होता. नाशिकचा पुकारा करणारा पोरगा उरलेला माल पोत्यात भरत होता. तिचे गाव तिथून आमच्या घरापासून लासलगाव असेल तसेच. तेवढ्यात आत तिच्या नवऱ्याला खोकला लागला आणि ती गेली. मी खोलीत येऊन पिशवीतले, आमच्याच मळ्यातले, चांगले पाहून दोन किलो कांदे काढले आणि जाऊन तिच्या हातात दिले. नाक्यावर नेऊ देतील की नाही कोण जाणे, असे ती म्हणाली. पण तिने ते औषधांच्या पिशवीत तळाशी घातले. सकाळी मी उठले तेव्हा त्यांच्या खोलीला बाहेरून कुलूप होते.

राहिलेला माल दोन दिवसांत मालदा आणि आसपासच्या बाजारांत विकला गेला. अर्थात निर्यातीच्या भावाने नव्हे. ट्रकभाडे, हमाली, आडत, निवडीची मजुरी वजा जाता चार घरांच्या वाट्याला जे आले त्यात बियाणे-खताचे फिटले, कष्टाचे काही राहिले नाही. आडतदाराने मात्र पैसे खळखळ न करता, त्याच दिवशी खात्यावर जमा केले, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा गावी परतून चार घरांसमोर हिशेब मांडताना मला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. लॉजचे बिल, निवडीच्या मजुरीच्या पावत्या, सगळे कागद मी सतरंजीवर पसरून ठेवले होते.

कांद्यावरचे निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. त्यानंतर आमच्या चारांपैकी दोन घरे पुन्हा एकदा मालद्याला ट्रक धाडू म्हणू लागली. हेही त्यांच्यात आहेत. माझे अजून ठरलेले नाही. पण परवा मी बाबूंना सहज फोन केला होता. त्यांनी आवाज ओळखला आणि पहिल्यांदा विचारले, "मासिमा, काकाबाबूंना आता ऐकू येते का?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, मग रस्त्याकडचीच खोली ठेवतो, ती शंभर रुपयांनी स्वस्त आहे. मी सांगितले की ठेवा, पण मला कापूस आणून द्यावा लागेल.